काचा घासल्या त्या दिवशी

"मी बरोबर नसले, तर पोरीला ह्यांच्या गाडीत घालायची नाही."

सासूबाई बॅगेची चेन ओढत होत्या. माझ्याकडे बघितलंही नाही. माहेरी, अकिवाटला, बस्तीत म्हणजे जैन मंदिरात पंचकल्याणक पूजा होती आणि त्यांचा भाऊ न्यायला दारात येऊन थांबला होता.

"का हो आई?"

"का म्हंजे? सांगितलं तेवढं ऐकावं. शाळेला रिक्षानं धाडायची."

"रिक्षात पोरं मेथीच्या जुडीसारखी कोंबतात. त्यापेक्षा अण्णांची गाडी बरी."

"मग तू चालत सोड. पाय हाईत की तुला."

भावाच्या गाडीत बसल्यावर काच खाली करून त्यांनी परत एकदा माझ्याकडे बोट रोखलं. मी हसून मान डोलावली आणि आत जाऊन विसरले.

त्याला चार वर्षं झाली. ते वाक्य आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. ऐकलं नाही म्हणून वाईट वाटत असेल, असं लोकांना वाटतं. वाईट वाटत नाही. राग येतो. सांगायचं तर सगळं सांगावं, नाहीतर गप्प बसावं. अर्धं तोंडात ठेवून अर्धं सुनेच्या अंगावर टाकायचं, ही कुठली पद्धत?

आणि ते मनावर घेण्यासारखं तरी काय होतं त्यात? आमच्या गाडीत सासूबाईंची जागा ठरलेली. अण्णा, म्हणजे माझे सासरे, स्टिअरिंगवर, शेजारी सासूबाई. गाडी गल्लीतून निघाली की त्यांचं तोंड सुरू. "डावीकडं सायकल. म्हस आलीया, दमानं. पुढं खड्डा. आता वळा." अख्खी जयसिंगपूरची बाजारपेठ हसायची. माझा नवरा सन्मती म्हणायचा, "अण्णा नुसते हात लावतात गं. गाडी आई तोंडानं चालवते." तेव्हा "मी नसताना पोरीला गाडीत घालू नकोस" ह्याचा मी सरळ अर्थ लावला: आपल्याशिवाय गाडी दारातून हलू नये, असं सासूबाईंना वाटतं. कुठल्याही सुनेनं तोच लावला असता.

खरं तर त्या घरात भित्री म्हणून नाव माझं होतं. द्राक्षाचे चार तुकडे करून देणारी मी. गॅसचं बटण दोनदा बघणारी, गच्चीच्या दाराला कुलूप घालणारी मी. "तुझी आई तुला कापसात गुंडाळून ठेवणार बघ," असं अण्णा माझ्या लेकीला, त्रिशलाला, चिडवायचे. ती तेव्हा पाच वर्षांची होती. आम्ही तिला तिशू म्हणतो.

सासूबाई माहेरी गेल्या त्या आठवड्यात शाळेची ने-आण अण्णांनीच केली. मी अर्थातच करू दिली. रोज गाडी दारात आली की तिशू पुढच्या सीटवरून ऐटीत उतरायची. एकदा मी म्हटलं, "मागं बसत जा गं, बाळांनी मागं बसायचं असतं." तर म्हणाली, "पुढं माझी ड्युटी असते." मी हसले. पोरं काय, शाळेत काहीबाही शिकून येतात.

शनिवारी दुपारी अण्णांनी हेडलाईटच्या काचा काढल्या. म्हणजे विषय काढला. तो विषय त्यांनी वर्षभर लावून धरला होता. "काचा धुरकटल्यात. उजेडच पडंना. रस्ता दिसाय तरी कसा?" आणि ते खोटं नव्हतं. उन्हात उभी राहून राहून गाडीच्या हेडलाईटना लोणच्याच्या जुन्या प्लास्टिकच्या बरणीसारखी पिवळी कळा आली होती. सन्मतीनं सांगून ठेवलं होतं, "नवीन कशाला? घरीच घासून होतंय. मोबाईलवर बघा, सगळे करतात." सांगून तो आपला इचलकरंजीला कामावर गेला होता. सांगणारे नेहमी कामावर जातात.

अण्णांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याचा पॉलिश पेपर आणला, जाड आणि बारीक, रबिंगचा डबा आणला, वरून मारायचा लॅकर आणला. पाट घेऊन गाडीच्या तोंडासमोर बसले. मी काचेभोवती कागदी टेप चिकटवून दिली, रंगाला ओरखडे जायला नकोत म्हणून. तिशूला लांब ओट्यावर बसवलं. लॅकरच्या वासात लेकराला कोण बसवतं?

"पाणी दे की," अण्णा म्हणाले.

मी डावीकडून पाण्याचा मग पुढं केलेलाच होता. त्यांच्या कोपराला लागत होता.

"हा काय अण्णा. दिलाय."

"हां हां." त्यांनी मान पुरती माझ्याकडं वळवली, मग हातात घेतला. "तू बोलत का नाहीस मग? मांजरागत येतीस."

जाड पेपरनं घासलं की काच आधी दुधासारखी पांढरी होते. जीव घाबरतो, वाटतं, होतं ते पण घालवलं. मग बारीक पेपर, वर पाणी सोडत सोडत. मग त्याहून बारीक. शेवटी रबिंग लावून मऊ कापड गोल गोल फिरवलं की आतली चांदी वर येते. अण्णांचा हात चांगला होता. सूतगिरणीत फोरमन होते ना, यंत्राला हात लावला की त्यांच्या बोटांना कळायचं. घासताना ते काचेकडं बघतसुद्धा नव्हते, बोटांनीच चाचपत होते. मला त्याचं कौतुक वाटलं. हे लिहिताना पण चीड येते.

उजवी काच झाली. इतकी स्वच्छ, की त्यात ओटा दिसत होता आणि ओट्यावरची तिशू.

"झालं अण्णा. नव्यागत झाली."

त्यांनी लांब होऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं. "अजून धूर हाय."

"कुठं आहे? माझं तोंड दिसतंय त्यात."

"तुझं तोंड दिसंल. मला रस्ता दिसाय पाहिजे." आणि परत जाड पेपर उचलून त्यांनी चकचकीत झालेली काच पहिल्यापासून घासायला घेतली.

मी वैतागले. डावी मी केली, ते उजवीलाच धरून बसले. दोन्ही काचांवर लॅकर मारला, पंख्याची वायर बाहेर ओढून वाळवला. तेवढ्यात उन्हं उतरली, मी सवयीनं ताटं केली, आम्ही जेवलो. आमच्यात सूर्य बुडायच्या आत जेवतात. त्यात नवीन काही नाही. पण सासूबाईंनी दोन वर्षांमागं त्याला एक शेपूट जोडलं होतं. जेवण झालं की अण्णांनी गाडी काढायची नाही. "नियम घेतलाय मी, मोडला तर पाप मला," म्हणायच्या. बायकोचं व्रत आणि कैद नवऱ्याला, म्हणून सन्मती हसायचा. त्या घरात सगळ्यालाच हसायची रीत होती.

हात धुऊन अण्णा किल्ली वाजवत आले. "आज कैदी सुटला. चल, अंधार पडाय लागलाय, कसा उजेड पडतोय बघून येऊ. नांदणी रस्त्यानं जरा लांब जाऊ."

"मी पण," तिशू म्हणाली.

"तू तर पाहिजेसच. तुझ्याशिवाय गाडी कोण नेणार?"

मी म्हटलं तिशूला माझ्याजवळ मागं बसू दे. तर अण्णा म्हणाले, "बसू दे गं पुढं, आज्जीची जागा हाय ती. पट्टा लाव म्हणजे झालं." मी पट्टा लावला, ओढून बघितला, आणि मागं बसले.

गल्लीतून बाहेर पडलो आणि तिशूनं सुरू केलं. "आज्जा, डावीकडं सायकल. गतिरोधक आला. उजवीकडनं मोठी गाडी, थांबा. हां, चला." अगदी सासूबाईंचा आवाज, तोच हेल, शेवटी तेच "दमानं". मी मागं पोट धरून हसले. मोबाईल काढून त्याचं रेकॉर्डिंग पण केलं, सन्मतीला दाखवायला. ते अजून माझ्याकडं आहे. कुणाला दाखवलं नाही.

गाव मागं पडलं. दोन्हीकडं ऊस. हंगाम चालू होता, रस्त्यावर चिपाडं पडलेली. दिवे छान पडले होते, लांबपर्यंत पांढराशुभ्र उजेड.

"काय अण्णा, दिसतंय का आता?"

"बरं हाय," ते म्हणाले. "पण धूर हायच जरा."

तेवढ्यात तिशूची क्लिप पडली. ती पट्ट्यातून खाली वाकली आणि सीटखाली हात घालून शोधायला लागली. बोलणं थांबलं.

पुढं, रस्त्याच्या डाव्या अंगाला, उसाची ट्रॉली उभी होती. चाक पंक्चर झालं असणार, मागं दगड लावलेले. मागचा लाल दिवा नाही, काही नाही. पण आमच्या उजेडात ती मला मागच्या सीटवरून दिसत होती. उसाचे शेंडे बाहेर आलेले, त्यावर बांधलेली लाल चिंधीसुद्धा दिसत होती. मी वाट बघितली. आता वेग कमी करतील, आता गाडी उजवीकडं घेतील. सासऱ्यांना गाडी कशी चालवायची हे सुनेनं सांगायचं नसतं. गाडी सरळ चालली होती. अण्णांच्या तोंडावर काही नव्हतं. शांतपणे चालवत होते, मोकळ्या रस्त्यावर चालवतात तसे.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. पुढं झेपावून मधला हँडब्रेक ओढला, अण्णांनीही ब्रेक दाबला, गाडी तिरकी होऊन घसरली आणि डावा कोपरा ट्रॉलीत गेला. उसाचे दांडके बॉनेटवर आडवे आले. मी दुपारी घासलेली डावी काच फुटल्याचा आवाज आला. तिशूचं डोकं समोर आपटलं. पट्टा नसता तर काय झालं असतं, ते मी अजून लिहू शकत नाही.

ट्रॅक्टरवाला पलीकडून धावत आला. "अहो आंधळं हाय काय? एवढं धूड दिसंना व्हय?"

"दिवा नको लावाय?" अण्णा काच खाली करून म्हणाले. "अंधारात उभी करताय, माणसानं बघायचं कसं?"

मग ते तिशूकडं वळले. रागावून नव्हे, साध्या आवाजात, काम चुकलेल्या माणसाला विचारतात तसं.

"तिशू, सांगितलं नाहीस व्हय?"

आणि माझी लेक कपाळ धरून रडत रडत म्हणाली, "आज्जा, माझी क्लिप पडली. म्हणून नाही सांगितलं. सॉरी आज्जा."

सॉरी म्हणाली ती.

"काय सांगायचं होतं तिनं?" मी विचारलं.

अण्णा काच वर चढवायला लागले.

"तिशू, काय सांगायचं असतं?"

"आज्जी नसली की मी सांगायचं. सायकल, म्हैस, सगळं. ड्युटी असते. शाळेला जाताना पण." तिनं अण्णांकडं बघितलं. "मम्मीला सांगायचं नसतं, खेळ आहे तो आमचा."

मी खाली उतरले, पुढचं दार उघडलं, तिला उचलून मागं झोपवलं. मग अण्णांच्या बाजूला गेले.

"किल्ली द्या."

"अगं, तू एवढ्या अंधारात..."

"मला दिसतं अण्णा. किल्ली द्या."

ते उतरले. गाडीला हात लावत लावत मागं गेले आणि दाराची कडी बोटांनी शोधली. मी बघत उभी राहिले. मदत केली नाही.

सन्मती आल्यावर मी सगळं सांगितलं. त्यानं आधी तिशूचं टेंगूळ बघितलं, मग बाहेर जाऊन गाडी बघितली आणि आत येऊन म्हणाला, "हे बघ, फार काही झालं नाही, हे नशीब. जरा दमानं घे. वय झालंय त्यांचं. एकदम किल्ली काढून..."

"दमानं हा शब्द ह्या घरात परत माझ्यासमोर काढायचा नाही," मी म्हटलं.

सासूबाईंना मीच फोन करून बोलावून घेतलं. पूजा टाकून दुसऱ्या दिवशी आल्या. चपला काढायच्या आधी विचारलं, "लागलं का पोरीला?"

"टेंगूळ आलंय."

"सांगितलं होतं मी तुला."

"काय सांगितलं होतं? परत सांगा. शब्दाला शब्द सांगा बघू."

त्या बसल्या. पदरानं मान पुसली. "काचबिंदू हाय त्यांना. दोन्ही डोळ्याला. समोरचं नळीतनं बघितल्यागत दिसतंय, बाजूचं जवळजवळ गेलंय. अंधारात तर लईच कमी."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"गाडी बंद करा म्हणाले."

"कधी?"

"झाली की दोन वर्षं."

फ्रिजच्या दारात थेंबांची बाटली असायची. ते त्यांचे स्वतःचे, डोळे कोरडे पडतात म्हणून, असं सासूबाई सांगायच्या. ते थेंब अण्णांचे होते. जेवणानंतर गाडी काढायची नाही हा नियम त्यासाठी होता. सगळं गाव ज्याला हसत होतं तो बडबडीचा पट्टा त्यासाठी होता. दोन वर्षं ह्या बाईनं नवऱ्याचे डोळे स्वतःच्या तोंडात सांभाळले, आणि आम्ही टाळ्या देत होतो.

"सन्मतीला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"किल्ली काढून घेतली असती तुम्ही."

"हो. घेतली असती."

"मग?" त्यांचा आवाज चढला. "गिरणी सुटली. पोरगा कामात. गाडी आहे म्हणून कोणतरी दारात येतंय. अण्णा, मिरजेला सोडता का, अण्णा, बस्तीला न्या, अण्णा, दवाखान्यात यायला लागतंय. ती बंद झाली की हे माणूस ओट्यावर बसून बसून मरंल. मी होते ना शेजारी. दोन वर्षांत कुणाला खरचटलं नाही."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

"म्हणून तर तुला बजावून गेले."

"आई, तुम्ही मला एवढंच सांगितलंत की तुम्हाला गाडीत बसायचंय. डोळ्याचं सांगितलं असतंत तर मी गाडीला कुलूप घातलं असतं. तुम्हाला ते नको होतं. तुम्हाला अण्णांची अब्रू पण राखायची होती आणि पोर पण. दोन्ही जमत नव्हतं, तेव्हा तुम्ही अब्रू निवडलीत."

आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला.

"तिला मी शिकवलं. हिचा काय संबंध नाही. हुशार हाय पोर, लांबचं टिपतीया. तुमच्यापरास चांगलं सांगती."

अभिमानानं म्हणाले. तेच मला सगळ्यात लागलं. लाज असती तर मी कदाचित विरघळले असते.

"पाच वर्षांची आहे ती," मी दारात जाऊन म्हटलं. "तिला अजून डावं-उजवं कळायला मनगटावरचा काळा दोरा बघावा लागतो. तिच्या जीवावर तुम्ही रस्त्यातली सगळी माणसं टाकलीत."

"खेळच की गं."

"खेळ होता तर मला सांगायचं नाही, असं का सांगितलंत?"



गाडी मी विकायला लावली. अण्णा माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. गल्लीत बोलणं झालं, चौगुल्यांच्या सुनेनं सासऱ्याला घरात बसवला. बसवला. सासूबाई म्हणाल्या होत्या तसं ओट्यावर माणसांचं येणं कमीही झालं. ते खरं होतं आणि त्यानं माझा राग कमी झाला नाही.

कारण तिशूची ड्युटी सुटली नाही. शाळेच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून ओठ हलवते, असं तिच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं. एसटीत झोपायची नाही. एकदा कोल्हापूरला जाताना तिला पेंग आली, मी मांडीवर घेतलं, तर दचकून उठली आणि अनोळखी ड्रायव्हरला ओरडून सांगायला लागली, "काका, डावीकडं माणूस." लोक हसले. मी तिच्या कानावर हात ठेवला. आता नऊ वर्षांची आहे. अजून क्लिप लावत नाही.

अण्णांना थेंब मीच घालते. मिरजेच्या डॉक्टरांकडेही मीच नेते. तिथं एकदा विचारलं, घरात कुणाला कळलं कसं नाही? डॉक्टर म्हणाले, "कडेचं दिसणं जातं तेव्हा त्या माणसालाही काळोख दिसत नाही. तो मान जास्त वळवायला लागतो, कुणाच्या तरी आवाजावर चालायला लागतो. घरच्यांना वाटतं, स्वभाव." खोटं बोलत नव्हते. पण अण्णांना सांगितलेलं होतं. सासूबाईंना सांगितलेलं होतं. माहीत नव्हतं ते मला, आणि पुढच्या सीटवर बसलेल्या माझ्या लेकीला.

तुमच्याही घरात गाडी चालवणारं कुणी वडीलधारं असेल. आज घरी गेलात की त्यांना काही विचारू नका; मला काय धाड भरलीय, असंच म्हणतील. ते टीव्हीसमोर बसलेले असतील तेव्हा चपला काढून हळूच आत जा. समोर जाऊ नका. बाजूला, त्यांच्या खांद्याच्या जरा पुढं उभे राहा. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. हात वर करून हलवा. बोलू नका, खाकरू नका. तुम्ही आलाय हे त्यांना कळतंय का, तेवढं बघा.